कायद्याचे पुस्तक कुठे मिळेल?

कायदा माहीत नव्हता, ही सबब न्यायालयात चालत नाही. हे वाक्य आपण पोलीस ठाण्यात ऐकतो, तहसीलमध्ये ऐकतो आणि नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही शिक्षक तेच मुलांना सांगतो. पण त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो, तो कुणी विचारत नाही. कायदा माहीत असणे ही नागरिकाची जबाबदारी असेल, तर तो वाचायला ठेवला आहे कुठे? तालुक्याच्या गावात राहणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या, वकिलाची फी न परवडणाऱ्या माणसाने कोणत्या दारात जाऊन म्हणायचे, की मला अमुक कायद्याचे पुस्तक दाखवा?

आपल्याकडे कायद्याची ग्रंथालये नाहीत असे नाही. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे, पुण्याचे आयएलएस १९२४ चे. उच्च न्यायालयात न्यायमूर्तींसाठी, वकील संघांच्या खोल्यांत वकिलांसाठी कपाटेच्या कपाटे भरलेली आहेत. १८९९ मध्ये सुरू झालेला बॉम्बे लॉ रिपोर्टर, नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरचे जाडजूड खंड. मुस्लिम कायद्यावरची गाजलेली पुस्तकेही आपल्याच मातीतली. दिनशा मुल्ला हे मुंबईचे पारशी वकील. मुस्लिम कायद्यावरचे त्यांचे पुस्तक १९०५ मध्ये आले आणि आजही न्यायालयात उघडले जाते. आसफ फैजी यांचा जन्म माथेरानचा. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते आणि त्यांचा ग्रंथ १९४९ चा. हे सगळे आहे, पण आत जायला कुणाचे तरी सदस्य असावे लागते. एका जिल्ह्याच्या ठिकाणी वकिलांच्या ग्रंथालयात मी एकदा गेलो होतो. दारातल्या माणसाने विचारले, "वकील आहात का?" नाही. "पक्षकार आहात?" नाही. "मग काम काय?" त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. यांपैकी काहीच नसलेला माणूस कायद्याचे पुस्तक मागायला येऊ शकतो, हे त्याने कधी पाहिलेलेच नव्हते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकात, कायद्याचे सार्वजनिक ग्रंथालय असावे अशी तरतूद कायद्यातच आहे. लॉस एंजेलिसचे असे ग्रंथालय १८९१ पासून चालू आहे. दिवाणी दावा दाखल करताना जे शुल्क भरावे लागते, त्यातला एक हिस्सा या ग्रंथालयांना जातो. ज्या माणसामुळे न्यायालय चालते, त्याच्याच पैशातून त्याला वाचायला पुस्तके. तिथला ग्रंथपाल पुस्तक काढून देतो, शोधायचे कसे ते दाखवतो, पण तुमच्या खटल्यात काय करावे हे सांगत नाही. ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. तिच्याकडे पुढे येतो.

मूळ मजकूर वाचल्याने काय फरक पडतो, याचे मी पाहिलेले सगळ्यात ठळक उदाहरण १९३९ च्या कायद्याचे आहे. मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम, १९३९. आपल्या मोहल्ल्यांत एक समज घट्ट बसलेला आहे: तलाक पुरुषाच्या हातात, बाईच्या हातात फक्त खुला, आणि त्यालाही नवऱ्याची मर्जी लागते. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेत दाखला मागायला आली, तेव्हा बोलता बोलता कळले की नवरा पाच वर्षांपासून बेपत्ता आहे. वडीलधारे म्हणत होते, वाट पाहा. वाट किती पाहायची, हे कुणी सांगत नव्हते. तो कायदा जेमतेम दोन-तीन पानांचा आहे. शाळा सुटल्यावर आम्ही तो वाचला. मी मराठीत सांगत होतो, ती मध्येच थांबवून तेच उर्दूत विचारत होती. कलम २ मध्ये स्त्रीला न्यायालयाकडून विवाहविच्छेद मागण्याची कारणे दिली आहेत. नवऱ्याचा ठावठिकाणा चार वर्षे नसेल तर. त्याने दोन वर्षे खर्चपाणी दिले नसेल तर. त्याला सात वर्षे किंवा अधिक कैद झाली असेल तर. वैवाहिक कर्तव्ये तीन वर्षे सबबीशिवाय पाळली नसतील तर. मग क्रूरतेचे पोटविभाग. त्यात मारहाण आहेच, पण बायकोच्या मालकीची वस्तू परस्पर विकणे किंवा तिच्या मालमत्तेवरच्या हक्काआड येणे हेही आहे. तिला तिच्या धर्माचे पालन करू न देणे हेही आहे. एकाहून अधिक बायका असतील आणि कुराणाच्या आदेशाप्रमाणे तो त्यांना समान वागवत नसेल, तर तेही आहे.

ती बाई शेवटच्या दोन मुद्द्यांवर बराच वेळ थांबली. "सर, यह क़ानून किसने बनाया? आपल्या लोकांनी?"

तिचा प्रश्न अगदी नेमका होता. याचे उत्तर खूप जणांना चकित करते. हनफी फिक्हमध्ये अशा स्त्रीला जवळजवळ वाट नव्हती. मालिकी मतात होती. मौलाना अशरफ अली थानवी यांनी इतर उलेमांशी पत्रव्यवहार करून, मालिकी मताच्या आधारे या स्त्रियांची सुटका कशी होऊ शकते यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी विधेयक मांडले. विधेयकाच्या उद्देश व कारणांच्या निवेदनात हनफी आणि मालिकी मतांचा हा संदर्भ स्पष्ट दिलेला आहे. म्हणजे देवबंदच्या परंपरेतला आलिम, कायदेमंडळातला मुसलमान सदस्य आणि इंग्रजी अमलातले कायदेमंडळ अशा तिघांच्या हातून हा कायदा झाला. जे लोक 'शरियत की कोर्ट' असा झगडा लावून देतात, त्यांच्यापैकी किती जणांनी ही दोन-तीन पाने वाचली आहेत, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

पोटगीचा विषय याहून गुंतागुंतीचा, कारण त्याभोवती राजकारणाचा धूर जास्त. १९८५ चा शाहबानो निकाल सगळ्यांना माहीत आहे. १९८६ चा कायदाही माहीत आहे, 'निकाल फिरवणारा कायदा' म्हणून. गोष्ट तिथेच संपली असे आपल्या समाजातले निम्मे लोक समजतात, आणि बाहेरचेही. पण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डॅनियल लतीफी खटल्यात तो १९८६ चा कायदा वैध ठरवला आणि त्याचा अर्थ असा लावला की नवऱ्याने इद्दतच्या मुदतीत तिच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद करून द्यायची आहे; तीन महिन्यांचा खर्च हातावर ठेवून मोकळे होता येत नाही. १० जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या पीठाने पुन्हा सांगितले की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालीही पोटगी मागता येते. त्याच्या नऊच दिवस आधी, १ जुलैला, ती संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली होती. त्यामुळे आता कलम आहे १४४. गंमत अशी की आपल्या पिढीच्या कानात १४४ म्हणजे जमावबंदी. जमावबंदी आता १६३ मध्ये गेली आणि १४४ मध्ये पोटगी आली. कुणी बाई 'एकशे चव्वेचाळीस लावायचे आहे' म्हणाली, तर शेजारी दचकू नयेत.

२०१७ च्या शायराबानो निकालाचे आणि त्यानंतरच्या २०१९ च्या कायद्याचेही तसेच. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे कलम ४ सगळ्यांना पाठ आहे, समर्थकांनाही आणि विरोधकांनाही. त्याच्याच खाली कलम ५ मध्ये त्या स्त्रीला व मुलांना निर्वाहभत्ता आणि कलम ६ मध्ये अल्पवयीन मुलांचा ताबा आहे. दूरदर्शनवरच्या चर्चेत ही दोन कलमे मी क्वचितच ऐकली. आणि खरे तर त्याआधी, २००२ मध्येच, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात सांगून ठेवले होते की तलाक दिला असे नवऱ्याने कैफियतीत नुसते लिहिल्याने तलाक होत नाही. कारण काय, समेटाचा प्रयत्न झाला का, हे शाबीत करावे लागते. खटल्याचे नावच बघा, दगडू पठाण. आडनाव पठाण आणि नाव दगडू, हे मराठी मुलखातच घडू शकते! आपल्या दारात झालेला हा निकाल आपल्याच माणसांना ठाऊक नाही.

मोबाइलवर फिरणारे संदेश मात्र सगळ्यांकडे असतात. 'नवीन कायद्यानुसार' अशी त्यांची सुरुवात, खाली कुठल्या तरी वकिलाचे नाव आणि शेवटी 'जास्तीत जास्त शेअर करा'. कायद्याचे नाव नाही, साल नाही, कलम नाही. माझ्या नववीच्या मुलांना मी एक साधी सवय लावली आहे. असा संदेश आला की तीन गोष्टी विचारायच्या: कायद्याचे नाव काय, कलम कोणते, आणि मूळ मजकूर पाहिला का? पहिल्याच प्रश्नावर बहुतेक संदेश गळून पडतात.

आणि मूळ मजकूर पाहणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. दारात अडवणारा माणूस निदान पडद्यावर तरी नाही. केंद्र सरकारच्या 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्यांचे कायदे फुकट वाचता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ पासून आपले छापील निकालग्रंथ 'ई-एससीआर' या नावाने सगळ्यांना मोफत उघडून दिले. त्याआधी हेच निकाल सोयीने शोधायचे तर वकील मंडळी खासगी कंपन्यांना वर्षाची वर्गणी भरत. आजही भरतात, कारण तिथे टिपा आणि सारांश मिळतात. त्याच महिन्यात, प्रजासत्ताक दिनापासून, भारतीय भाषांतली निकालांची भाषांतरे द्यायला सुरुवात झाली. सुरुवातीला मराठीत १४ आणि उर्दूत ३ होती. मराठीतली संख्या त्यानंतर बरीच वाढली आहे. 'इंडियन कानून' हे संकेतस्थळ २००८ मध्ये सुशांत सिन्हा यांनी सुरू केले. कायदा आणि निकाल एकमेकांना जोडून दाखवण्याची त्याची पद्धत सामान्य वाचकाला सगळ्यात सोयीची. आपला स्वतःचा खटला कुठवर आला हे पाहायचे असेल, तर 'ई-कोर्ट्स'वर सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की तारीख, टप्पा, झालेले आदेश दिसतात. 'तारीख पडली' एवढेच ऐकून परत येणाऱ्या माणसासाठी हा क्रमांक फार मोलाचा आहे. वकिलाकडून तो मागून घ्यावा आणि घरात लिहून ठेवावा. शिष्यवृत्ती, शाळा, जातीचे दाखले अशा बाबतींत कायद्यापेक्षा शासन निर्णय अधिक कामाला येतात. ते राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मराठीतच असतात, प्रत्येकावर संकेतांक असतो. कार्यालयात 'असा काही जीआर नाही' असे ऐकायला मिळाले, की संकेतांकासह छापील प्रत पुढे ठेवायची. समोरच्याचा सूर बदलतो, हा माझा अनेकदाचा अनुभव.

न्यायालयाचा निकाल ही कुणा प्रकाशकाची मालमत्ता नाही, हेही इथेच सांगायला हवे. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यातच निकाल छापायला मोकळीक आहे. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मोठ्या प्रकाशकाच्या खटल्यात हेच स्पष्ट केले, की मूळ निकाल सार्वजनिक आहे, प्रकाशकाचा हक्क त्याने स्वतः घातलेल्या भरीपुरता. तेव्हा महत्त्वाचा निकाल छापून मशिदीच्या किंवा वाचनालयाच्या फलकावर लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

पण फुकट मिळते म्हणून सोपे आहे, असे नाही. जुनी आवृत्ती वाचून लोक फसतात. कायद्यात दुरुस्ती झालेली असते. खालच्या न्यायालयाचा निकाल वरच्या न्यायालयाने फिरवलेला असतो. मराठी भाषांतराच्या तळाशी स्पष्ट लिहिलेले असते की अधिकृत मजकूर इंग्रजीच. काही ठिकाणी चार शब्दांत सगळा फरक असतो. १९३७ च्या शरियत कायद्याचे कलम २ घ्या. वारसा, विवाह, मेहर, हिबा, वक्फ या बाबींत शरियत लागू, असे ते सांगते. पण त्यातच 'शेतजमिनीविषयीचे प्रश्न वगळून' असा अपवाद आहे. खेड्यातल्या मुस्लिम घरात वारशाचा सगळ्यात मोठा वाद शेतजमिनीचाच असतो. या अपवादाचा महाराष्ट्रात नेमका परिणाम काय, हे वकिलालाच विचारायला हवे. पण ते शब्द तिथे आहेत हे ज्याने वाचले आहे, तोच वकिलाला नीट प्रश्न विचारू शकतो.

आता भाषेचे. मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो, म्हणून हा भाग मला जास्त टोचतो. आपल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने केंद्राच्या कितीतरी कायद्यांचा मराठी पाठ तयार केला आहे, न्याय व्यवहार कोश केला आहे. ते काम मोठे आहे आणि त्याची हेटाळणी करणाऱ्यांत मी नाही. १९७३ च्या एका केंद्रीय कायद्यामुळे असे प्रसिद्ध झालेले पाठ प्राधिकृत मानले जातात, म्हणजे ते नुसते सोयीचे भाषांतर नसते. पण 'निरसन व व्यावृत्ती', 'परंतुक', 'अध्यारोही परिणाम' हे शब्द वाचताना मराठीच्या शिक्षकालाही कोश उघडावा लागतो. याउलट कचेरीत आलेल्या निरक्षर माणसाच्या तोंडचे शब्द ऐका: वकील, फिर्याद, दावा, जामीन, तारीख, दस्तऐवज, वारस, कैफियत, मुद्देमाल, जप्ती, मुखत्यारपत्र, बक्षीसपत्र. यांतले बहुतेक फारसी-अरबीतून आले आणि शिवकाळाच्या आधीपासून मराठीचे होऊन राहिले. सखारामलाही कळतात, सलीमलाही कळतात. कायद्याची मराठी या शब्दांजवळ जितकी राहील, तितकी ती लोकांची राहील.

पातूरच्या खटल्यात हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे वेगळ्या रूपात आली. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव होते. एका माजी नगरसेविकेने त्याला आव्हान दिले. महाराष्ट्रात स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा २०२२ चा कायदा आहे, त्यात मराठी बंधनकारक आहे, म्हणून उर्दू नको, असा युक्तिवाद. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती धुलिया आणि न्यायमूर्ती विनोद चंद्रन यांनी तो फेटाळला. कायद्यात मराठी सक्तीची आहे, पण जोडीला दुसरी भाषा वापरायला मनाई नाही, इतके साधे त्याचे कायदेशीर उत्तर होते. त्यापुढे जाऊन भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच भूमीत जन्मलेली आहे, आणि न्यायालयाच्या रोजच्या बोलीत अदालत, हलफनामा, पेशी असे उर्दू शब्द किती मुरलेले आहेत, हेही निकालात लिहिले गेले. त्या आठवड्यात हा निकाल सगळ्यांनी 'उर्दूचा विजय' म्हणून एकमेकांना पाठवला. निकाल मात्र थोड्यांनीच वाचला. अकरावी-बारावीच्या उर्दू आणि मराठी दोन्ही वर्गांत तो वाचावा असा आहे. त्यातली भाषेची माहिती पाठ्यपुस्तकापेक्षा सरस आहे.

मराठवाड्यात तर उर्दू हीच एकेकाळी कायद्याची भाषा होती. हैदराबाद संस्थानाचा कारभार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत चालला. १९१७ मध्ये तिथे दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, स्थापन झाला; उस्मानिया विद्यापीठात शिकवायची पुस्तके तो उर्दूत आणत असे आणि त्यांत कायद्याचीही होती. शंभर वर्षांपूर्वी या प्रदेशातला माणूस कायदा आपल्या कारभाराच्या भाषेत शिकू शकत होता, ही गोष्ट आज सांगितली तर खरी वाटत नाही. (ती भाषा मराठी-कन्नड-तेलुगू बोलणाऱ्या रयतेची नव्हती, हेही तितकेच खरे, तो अन्याय झाकायचे कारण नाही.) १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्ये बदलली, कागद तेच राहिले. मुंतखब, सनदा, जुनी खरेदीखते, फसली सालाचे उतारे. शिकस्त वळणाची ती उर्दू आज उर्दू शाळेत शिकलेल्या मुलालाही सहज लागत नाही. महिन्यातून एक-दोनदा तरी कुणी तरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद घेऊन शाळेत येते. त्यांत देशमुख-पाटलांच्या घरचे कागदही असतात. "सर, एवढं वाचून द्या." १३५० फसली म्हटले की समोरचा गोंधळतो. साधारण ५९० मिळवायचे, म्हणजे १९४०-४१. एवढ्या बेरजेवर एखाद्या घराचा शेतीचा दावा उभा राहतो किंवा पडतो. हे वाचू शकणारी माणसे आता साठीच्या पुढे आहेत. ती गेली की हे कागद कुणाला लागणार?

वक्फ मिळकतींच्या बाबतीत हाच प्रश्न गेल्या वर्षी अंगावर आला. २०२५ च्या दुरुस्तीबद्दल माझे मत मी पुन्हा कधी तरी सविस्तर लिहीन. इथे फक्त कागदांपुरते बोलतो. जून २०२५ मध्ये उमीद पोर्टल सुरू झाले, नोंदलेल्या वक्फ मिळकतींची माहिती सहा महिन्यांत भरायची ठरली, आणि आमच्या भागातले मुतवल्ली धावपळ करू लागले. वक्फची पाहणी होऊन तिची यादी राजपत्रात प्रसिद्ध होते, ही व्यवस्था १९९५ च्या कायद्यात आहे आणि त्याआधीच्या १९५४ च्या कायद्यातही होती. पण आपल्या मशिदीचे, आपल्या कबरस्तानाचे नाव राजपत्राच्या कोणत्या तारखेच्या अंकात, कितव्या पानावर आहे, हे सांगू शकणारे किती जण निघाले? मिरवणुकीला, जलशाला पावती फाडणारे हात शंभर आणि राजपत्राची झेरॉक्स एकाच्याही घरी नाही. तालुक्याच्या वाचनालयात राजपत्राचे अंक लावून ठेवलेले असते, तर ही पळापळ झाली नसती. सरकारवर टीका करण्याचा आपला हक्क मी मान्य करतो, पण आपल्या मिळकतीचा पुरावा सांभाळण्यासाठी सरकारने आपल्याला अडवले नव्हते.

म्हणून माझी मागणी फार छोटी आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालये आहेत, दहा हजारांहून अधिक. त्यांत कादंबऱ्या आहेत, दिवाळी अंक आहेत, अलीकडे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा ढीग आहे. कायद्याचे एक कपाट मात्र दिसत नाही. त्यात काय ठेवायचे? भारताचे संविधान मराठीत आणि जिथे वाचक असतील तिथे उर्दूत. नवीन फौजदारी संहिता. जमीन महसूल, भाडे, वारसा, विवाह, घरगुती हिंसाचार, माहितीचा अधिकार यांचे कायदे. न्याय व्यवहार कोश. जिल्ह्याशी संबंधित राजपत्राच्या प्रती. एक संगणक आणि एक छपाईयंत्र. यांतले बरेच कायदे वीस-पंचवीस पानांचे. उतरवून, छापून, बांधून घेतले तरी खर्च एका स्नेहसंमेलनाइतका होणार नाही. आपल्या उर्दू वाचनालयांनी आणि मशिदींच्या समित्यांनी तर अनुदानाची वाटही पाहू नये.

यावर दोन आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतात. पहिला वकिलांचा: अर्धवट ज्ञान घातक. खरे आहे. म्हणूनच मला कॅलिफोर्नियाच्या ग्रंथपालाची ती मर्यादा आवडते. शिक्षकाने किंवा ग्रंथपालाने कायदा काढून द्यावा, शब्दाचा अर्थ सांगावा आणि तिथे थांबावे. पुढे सल्ल्यासाठी विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते, १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. आमच्या वस्तीत हा क्रमांक मी शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतला आहे. गुटख्याच्या जाहिरातीच्या शेजारी, पण अक्षरे मोठी आहेत.

दुसरा आक्षेप घरातला: कोर्ट-कचेऱ्या कशाला, आपली दारुल कझा आहे. समेट तिथे होत असेल तर उत्तमच. मी स्वतः दोन जोडप्यांना तिथे पाठवले आहे. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की फतव्याला किंवा दारुल कझाच्या निर्णयाला कायद्याचे बंधन नाही. ज्याला मानायचे त्याने मानावा, कुणावर लादता येत नाही. त्या निकालात अशा संस्था बेकायदा ठरवलेल्या नाहीत, हेही आपण लक्षात ठेवावे आणि 'शरियत न्यायालयांवर बंदी' असे ओरडणाऱ्यांनीही. ज्या बाईला हे ठाऊक आहे ती दारुल कझात अधिक ताठ मानेने बसते. तिथल्या काझी साहेबांनाही त्याचा त्रास होण्याचे कारण नाही.

आमच्या गावच्या वाचनालयाकडे मी अशा कपाटासाठी अर्ज दिला आहे. सचिव भले गृहस्थ. ते म्हणाले, "सर, कपाट देऊ, पण वाचणार कोण?" म्हणून वर्षभरात शाळेत येऊन लोकांनी मला जे प्रश्न विचारले, त्यांची वही मी त्यांना दाखवली. मेहरचे सोने सासरच्यांनी परत द्यायचे की नाही. आजोबांनी तोंडी केलेला हिबा चालतो का. मुलीच्या दाखल्यावर आईचे नाव घालता येते का. सातबाऱ्यावरून नाव कमी केले, तर किती दिवसांत अपील करायचे. शेवटचा प्रश्न एका पंक्चरवाल्याचा होता: भाड्याचा करार अकराच महिन्यांचा का करतात? सचिवांना तो एकदम आवडला, कारण त्यांचे स्वतःचे दोन गाळे भाड्याने आहेत. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम १७ त्यांना दाखवले: वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोक अकरा महिन्यांवर थांबतात. ते खूश झाले. मग महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ पुढे ठेवले. त्यात अकरा महिन्यांची सवलत कुठेच नाही. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि जबाबदारी घरमालकाची. सचिवांनी चष्मा काढला, पुसला आणि ते कलम पुन्हा वाचायला घेतले.